वाचक विचारतात : लॅटिन शिलालेखांचा अभ्यासक व्हायचं तर

गेल्या अंकात तेओडोर मोमसेन या जर्मन अभ्यासकावर एक छोटं टिपण होतं. रोमन साम्राज्यातले लॅटिन शिलालेख एका ठिकाणी आणण्याचं काम त्याने उभं केलं, एवढंच त्यात सांगितलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली आणि बहुतेकांचा रोख एकच होता: हे काम शिकायचं कसं, करायचं कसं आणि त्यावर पोट भरतं का? निवडक प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : मोमसेन कायदा शिकला होता. मग तो दगडांकडे कसा वळला? त्याच्या आधी शिलालेख कुणी गोळा केलेच नव्हते का?

उत्तर : केले होते, आणि कित्येक पिढ्या करत होते. पण बरेचसे संग्रह आधीच्या वह्या-पुस्तकांवरून उतरवलेले होते. एकाने चुकीचं वाचलं की पुढचे सगळे तीच चूक छापायचे. शिवाय मांडणी विषयवार असायची, देवांचे लेख एकीकडे, सैनिकांचे दुसरीकडे. त्यामुळे दगड मुळात कुठल्या गावचा ही गोष्ट मागे पडायची.

मोमसेनचा जन्म १८१७चा, श्लेस्विगमधल्या गार्डिंगचा. कील विद्यापीठात तो रोमन कायदा शिकला. या कायद्याचा अस्सल पुरावा हवा तर काशाच्या पत्र्यांवर कोरलेले कायदे आणि नगरांच्या सनदा वाचाव्याच लागतात, म्हणून त्याचं इकडे वळणं ओघानेच आलं. १८४४मध्ये डॅनिश सरकारच्या शिष्यवृत्तीवर तो इटलीला गेला. सान मरीनोत बार्तोलोमेओ बोर्गेसी या ज्येष्ठ अभ्यासकाचं मार्गदर्शन त्याला मिळालं आणि मग नेपल्सच्या राज्यातले लेख त्याने गावोगाव फिरून स्वतः वाचले. तो संग्रह १८५२मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली पद्धत दोन नियमांवर उभी होती. दगड शिल्लक असेल तर तो स्वतः पाहिल्याशिवाय त्याचं वाचन छापायचं नाही, आणि लेख ज्या गावचा त्या गावाखालीच लावायचा.

बर्लिनच्या अकादमीने १८५३मध्ये याच पद्धतीने ‘कॉर्पुस इन्स्क्रिप्तिओनुम लातिनारुम’, म्हणजे लॅटिन शिलालेखांचा संग्रह, हाती घेतलं. अभ्यासक त्याला नुसतं सीआयएल म्हणतात. पहिला खंड १८६३मध्ये आला. आज सतरा खंडांत सुमारे १,८०,००० लेख आहेत आणि काम अजून चालू आहे. चौथा खंड पॉम्पेईच्या भिंतींवरच्या मजकुरांचा, सहावा एकट्या रोम शहराचा, आठवा उत्तर आफ्रिकेचा, तेरावा गॉल (साधारण आजचा फ्रान्स) आणि जर्मनीचा. लेखाचा पत्ता सांगायचा तर खंड आणि क्रमांक सांगतात.

करिअरच्या अंगाने पाहिलं तर मोमसेनने ‘शिलालेखतज्ज्ञ’ या नावाची नोकरी कधीच केली नाही. १८४८-४९च्या राजकीय उठावातल्या सहभागामुळे १८५१मध्ये त्याची लाइपझिगची प्राध्यापकी गेली. पुढे झुरिक, ब्रेस्लाऊ असं करत तो बर्लिनला पोचला आणि १८६१पासून तिथे रोमन इतिहासाचा प्राध्यापक झाला. १९०२चं साहित्याचं नोबेल त्याला मिळालं ते इतिहासलेखनासाठी. पगार एका विषयाचा आणि आयुष्यभराचं काम दुसऱ्याचं, ही रचना या क्षेत्रात आजही बदललेली नाही.

प्रश्न : शिलालेख ‘वाचायचा’ म्हणजे नेमकं काय करायचं? लॅटिन येत असलं की झालं ना?

उत्तर : लॅटिन पुरत नाही, कारण दगडावर अर्धेअधिक शब्द तोडून लिहिलेले असतात. एक खरा लेख घेऊन बघू. जर्मनीत झांटेन इथे १६२०मध्ये सापडलेला आणि आता बॉनच्या संग्रहालयात असलेला मार्कुस काएलिउस या रोमन सैनिकाचा स्मारकदगड (सीआयएल १३, ८६४८) या कामासाठी उत्तम आहे.

पहिल्या ओळीत अक्षरं आहेत ती अशी: एम, काएलिओ, टी, एफ, लेम, बोन. यातला पूर्ण शब्द फक्त ‘काएलिओ’. ‘एम’ म्हणजे मार्को (‘मार्कुससाठी’ अशा अर्थाचं रूप, तसंच ‘काएलिओ’ हे काएलिउसचं), ‘टी एफ’ म्हणजे तितुसचा मुलगा, ‘लेम’ म्हणजे लेमोनिया हा नागरिकांचा मतदार-गट आणि ‘बोन’ म्हणजे बोनोनिया, आजचं बोलोन्या. हे अंदाजाने कळत नाही. रोमन नागरिकाचं नाव लिहिण्याचा क्रम ठरलेला आहे: व्यक्तिनाम, कुलनाम, बापाचं नाव, मतदार-गट, मग असलंच तर उपनाम, आणि शेवटी गाव. हा क्रम पाठ असेल तर ‘लेम’ कशाचं रूप आहे ते त्याच्या जागेवरूनच कळतं.

दुसऱ्या ओळीत त्याची तुकडी येते, लीजन अठरा. पण अठरा हा आकडा आपण घड्याळावरून शिकतो तसा लिहिलेला नाही. एक्स, दोन उभ्या रेघा आणि पुन्हा एक्स, म्हणजे विसाला दोन कमी. पुढे वय आहे त्रेपन्न, आणि त्याला लागून ‘एस’ हे अक्षर, म्हणजे सेमिस, अर्धं. साडेत्रेपन्न वर्षं. तिसऱ्या ओळीत ‘बेल्लो वारियानो’ येतं, वारुसच्या युद्धात. इसवी सन ९मध्ये ट्यूटोबुर्गच्या अरण्यात सेनापती वारुसच्या तीन लीजन कापल्या गेल्या, त्यांत ही अठरावी होती. शेवटी दगड कुणी लावला ते आहे: भाऊ पुब्लिउस.

आता मोडलेली जागा. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या ओळीची सुरुवात फुटलेली आहे. तिसऱ्या ओळीत ‘–किदित’ उरलंय, चौथीत ‘–न्फेर्रे’. पहिलं ‘केकिदित’, म्हणजे पडला. दुसरं ‘इन्फेर्रे’, म्हणजे आत ठेवणं. दोन्हीकडे शब्दाचा बाकीचा भाग शाबूत आहे, तेव्हा गेलेली अक्षरं भरताना हात कचरत नाही. दुसऱ्या ओळीत मात्र फक्त ‘ओ’ उरलाय. तिथे हुद्दा होता हे नक्की. दगडावर कोरलेल्या त्याच्या पुतळ्याच्या हातात द्राक्षवेलीची काठी आहे, ती सेंच्युरियनची, म्हणजे लीजनमधल्या एका तुकडीच्या नायकाची खूण, म्हणून तो सेंच्युरियन होता हेही पटतं. पण ‘ओ’च्या आधी नेमकं काय कोरलं होतं यावर एकमत नाही. छापताना तिन्ही जागी सारखेच चौकटी कंस येतात, पण त्यांची ताकद सारखी नसते. नवख्या वाचकाला हे सांगणं संपादकाचं काम आहे आणि ते टिपेत न चुकता लिहायला हवं.

कंसांबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण दोन पत्रांत तेच विचारलंय. १९३१मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला ठरलेले संकेत आजही चालतात. साध्या कंसात संक्षेपाचा उरलेला भाग: एम(आर्को). चौकटी कंसात दगडावरून गेलेली आणि संपादकाने भरलेली अक्षरं. दुहेरी चौकटी कंसात मुद्दाम खोडलेला मजकूर. महिरपी कंसात कोरक्याने जादा घातलेली अक्षरं. अक्षराखाली टिंब म्हणजे अक्षर अर्धवट दिसतंय आणि एकटं पाहिलं तर दुसरंही असू शकेल. तिरपी रेघ म्हणजे ओळ संपली. सुरुवातीला सगळ्यात जास्त हयगय होते ती टिंबाची. अर्थ लागला की अक्षर स्पष्ट दिसतंय असं वाटू लागतं आणि टिंब गळतं. उपाय साधा आहे: आधी अर्थाकडे न बघता फक्त दिसणाऱ्या रेघा कागदावर काढायच्या आणि टिंबं त्या चित्रावरून द्यायची.

या दगडावरची अजून एक गोष्ट. मधल्या पुतळ्याच्या दोन्ही बाजूंना दोन डोकी कोरलेली आहेत आणि त्यांच्याखाली नावं आहेत प्रिवातुस आणि थियामिनुस. दोघांच्याही नावाआधी मार्कुस काएलिउस लावलेलं आहे, कारण ते त्याने मुक्त केलेले गुलाम होते आणि मुक्त झालेला गुलाम मालकाचं कुलनाम घेत असे. तिसऱ्या-चौथ्या ओळीतलं ‘अस्थी आत ठेवायला हरकत नाही’ हे वाक्य या दोघांच्या अस्थींविषयी आहे, की मार्कुसच्या कधीकाळी सापडल्या तर त्यांच्याविषयी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पाच ओळींचा लेख चारशे वर्षं वाचला जातोय तो यासाठी.

प्रश्न : अक्षरांच्या वळणावरून लेखाचा काळ सांगता येतो का?

उत्तर : येतो, पण तो सगळ्यात कच्चा पुरावा. वळणावरून शतकाचा अंदाज बांधावा, त्याहून बारीक बोलू नये. राजधानीतला कसबी कोरक्या आणि सीमेवरच्या छावणीतला शिपाई-कोरक्या एकाच वर्षी अगदी वेगळी अक्षरं काढतात.

पक्का पुरावा सम्राटाच्या बिरुदांत असतो. रोममधल्या सम्राट ट्राजानच्या स्तंभाच्या चौथऱ्यावर त्याचा ‘त्रिबुनिकिया पोतेस्तास’ हा अधिकार सतराव्यांदा मिळाल्याचं कोरलंय. ट्राजानच्या बाबतीत हा अधिकार दर १० डिसेंबरला नवा होत असे. सतरावी खेप म्हणजे १० डिसेंबर ११२ ते ९ डिसेंबर ११३. म्हणजे नुसत्या आकड्याने वर्षभराच्या आत आलो. ओस्तिया बंदरात सापडलेल्या वार्षिक नोंदींच्या लेखात स्तंभाच्या समर्पणाचा दिवस १२ मे ११३ असा मिळतो. एका लेखाने वर्ष दिलं, दुसऱ्याने दिवस.

आणि फसवणारं उदाहरण रोममध्येच आहे. पँथिऑन या मंदिराच्या कपाळावर ठळक लिहिलंय की ही वास्तू मार्कुस आग्रिप्पाने तिसऱ्यांदा कॉन्सल, म्हणजे रोमचा वर्षभराचा सर्वोच्च अधिकारी, असताना बांधली, म्हणजे इसवी सनापूर्वी २७. पण आज उभी असलेली इमारत त्याची नाही. तिच्या विटांवरचे शिक्के दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांतले आहेत. नव्या बांधकामावर जुन्या बांधणाऱ्याचं नाव पुन्हा लावलं गेलं. दर्शनी अक्षरांइतकीच विटेच्या शिक्क्याची नोंद महत्त्वाची मानायची ती यामुळे.

थडग्यांवरच्या ठरीव वाक्यांचाही उपयोग होतो. ‘इथे निजला आहे’ हे ‘हिक सितुस एस्त’ पहिल्या शतकात जास्त, तर ‘दीस मानिबुस’, पितरांना अर्पण, हे ‘डी एम’ एवढ्या दोनच अक्षरांत दुसऱ्या-तिसऱ्या शतकात जास्त. पण प्रांताप्रांतात फरक पडतो, म्हणून आधी त्याच गावचे दुसरे लेख चाळायचे. थडग्यावरच्या वयावर मात्र फार विसंबू नये. तीस, चाळीस, पन्नास असे पाचाच्या पटीतले आकडे प्रमाणाबाहेर सापडतात. घरच्यांना नक्की वय माहीत नसलं की ते गोळाबेरीज सांगत.

खोडलेली नावंही काळ सांगतात. २११मध्ये सम्राट काराकाल्लाने धाकट्या भावाला, गेताला मारलं आणि त्याचं नाव सगळीकडून खरवडायला लावलं. रोमच्या फोरममधल्या सेप्तिमिउस सेवेरुसच्या कमानीवर, जी २०३ची आहे, चौथ्या ओळीत त्याच्या नावाच्या जागी बाप-भावाची स्तुती भरलेली दिसते. तिथली अक्षरं काशाची होती. अक्षरं गेली तरी ती बसवण्याची भोकं दगडात राहतात आणि जुन्या-नव्या भोकांच्या जागांवरून खालचं नाव वाचता आलं. हायडेलबर्गचा अभ्यासक गेझा आल्फोल्डी याने कोलोसिअममधल्या एका दगडावरच्या अशाच भोकांवरून, युद्धातल्या लुटीच्या पैशांतून ते बांधल्याचा सम्राट व्हेस्पासिअनचा लेख उलगडला, ते वाचन १९९५मध्ये प्रसिद्ध झालं.

प्रश्न : दगडाचा कागदी ठसा कसा घेतात? फोटो असताना त्याची गरज काय?

उत्तर : फोटोत प्रकाश एकाच दिशेचा असतो. ठसा म्हणजे दगडाच्या पृष्ठभागाची खोलीसकट उतरवलेली प्रत. ती वर्षानुवर्षं टिकते आणि टेबलावर हव्या त्या कोनातून दिवा टाकून वाचता येते. दगड पुढे झिजला, फुटला किंवा हरवला तर ठसा हाच पुरावा उरतो.

साहित्य थोडंच. खळ नसलेला जाड कागद, गाळणकागदाच्या जातीचा, कारण तो पाणी पितो आणि ओला असताना ताणला जातो. ताठ केसांचा ठोकायचा ब्रश, साफसफाईला मऊ ब्रश, स्पंज, बादलीभर स्वच्छ पाणी, पेन्सिल. शाई लागत नाही.

आधी परवानगी, तीही लेखी. मग दगड तपासायचा: पापुद्रे सुटतायत का, अक्षरांत लाल रंगाचे अंश आहेत का. यापैकी काहीही दिसलं तर ठसा घ्यायचा नाही, कारण कागद सुटताना पापुद्रा आणि रंग दोन्ही घेऊन येतो. गिलाव्यावरची खरड, शिशाचे पत्रे, लाकडी पाट्या यांना तर हात लावायचा नाही.

दगड नुसत्या पाण्याने धुऊन ओला ठेवायचा. कागदाची गुळगुळीत बाजू दगडाकडे करून तो एका कडेने हळूहळू टेकवत न्यायचा, म्हणजे आत हवा कमी राहते. वरून स्पंजने भिजवायचा. मग मधोमध सुरुवात करून कडांकडे ठोकत जायचं. ब्रश दगडाला समोरासमोर पडला पाहिजे. तिरका पडला की कागद सरकतो आणि अक्षराला दुहेरी कड येते. हवेचा फुगा दिसला तर टाचणीने टोचून दाबायचा. खोल अक्षराच्या धारेवर कागद फाटला तर घाबरायचं कारण नाही. ओल्या कागदाचा तुकडा वर ठेवून ठोकला की तो एकजीव होतो. अक्षरं फार खोल असतील तर पहिला थर ओला असतानाच दुसरा चढवायचा.

मग सुकू द्यायचं. उन्हात काही तासांत होतं, दमट हवेत दिवस जातो. काढायच्या आधी पाठीवर पेन्सिलीने जागा, क्रमांक, तारीख आणि वरची बाजू दाखवणारा बाण लिहायचा. हे नंतर करू म्हटलं की चार ठसे एकसारखे दिसू लागतात. गुळगुळीत संगमरवरावरून सुकलेला कागद आपोआप सुटतो, आणि वारा असला तर उडूनही जातो, म्हणून जवळच राहायचं. ठेवताना वर वजन ठेवायचं नाही, नाहीतर उठाव चेपतो. दगडाला लागलेल्या बाजूवर अक्षरं उठावात पण उलटी दिसतात. तपशील तिथेच सगळ्यात जास्त असतो, म्हणून उलटं वाचायची सवय करावी लागते.

फोटो काढताना कॅमेरा स्टँडवर, दगडाला अगदी समोर. दिवा दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ घासून जाईल इतका खाली, दहा ते वीस अंशांत. पहिला फोटो वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या प्रकाशाचा, मग बाकीच्या दिशांचे. एकाच दिशेवर थांबलं तर काय होतं ते सांगतो: जी रेघ प्रकाशाच्या दिशेतच धावते तिला सावली पडत नाही. दिवा नेमका डावीकडून असला तर आडव्या रेघा नाहीशा होतात आणि झिजलेला ‘ई’ किंवा ‘टी’ सरळ ‘आय’ दिसतो. चुकीच्या वाचनांचा मोठा वाटा या एका कारणाचा आहे.

यावरचा नवा उपाय म्हणजे आरटीआय (रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग). कॅमेरा जागचा न हलवता, दिवा फिरवत चाळीस ते साठ फोटो काढायचे आणि चौकटीत एक चकचकीत काळा गोळा ठेवायचा. गोळ्यावरच्या चमकेवरून संगणक प्रत्येक फोटोचा प्रकाश कुठून आला ते काढतो आणि मग पडद्यावर दिवा हवा तिथे नेता येतो. मध्येच स्टँडला धक्का लागला तर सगळा संच पुन्हा काढायचा, डागडुजी होत नाही.

प्रश्न : या क्षेत्रात यायला कुठली पदवी घ्यावी? किती भाषा लागतात?

उत्तर : ‘लॅटिन शिलालेख’ ही पदवी सहसा मिळत नाही. प्राचीन इतिहास, अभिजात भाषा किंवा रोमन पुरातत्त्व यांपैकी एका वाटेने यायचं आणि एमएपासून शिलालेखांकडे झुकायचं. भाषांचं म्हणाल तर लॅटिन पक्कं, ग्रीक कामापुरतं, आणि वाचण्याइतकी जर्मन, इटालियन, फ्रेंच. स्पेनवर काम करायचं तर स्पॅनिशही. यात काटकसर चालत नाही, कारण एका गावचे लेख शंभर वर्षांत तीन-चार भाषांत छापले गेलेले असतात. सीआयएलचे नवे भागही लॅटिनमध्येच लिहिले जातात, त्यामुळे लॅटिन नुसतं वाचून भागत नाही, लिहावंही लागतं.

जर्मनीत या अभ्यासक्रमांसाठी बहुधा ‘लातिनुम’ ही सरकारी लॅटिन परीक्षा मागतात. तिथल्या सरकारी विद्यापीठांत शिकवणीचं शुल्क बहुतेक ठिकाणी नाही. हायडेलबर्ग ज्या बाडेन-व्ह्यूर्टेंबर्ग राज्यात आहे तिथे मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो पडतात. प्रत्यक्ष दगडांवर हात बसवायला ब्रिटिश स्कूल अ‍ॅट रोमचा पदव्युत्तर अभ्यासवर्ग आणि ब्रिटिश एपिग्राफी सोसायटीच्या कार्यशाळा उपयोगी. जागा थोड्या असतात आणि अर्जात विचारतात की तुमच्या संशोधनाला याची गरज का आहे. ‘मला आवड आहे’ यावर निवड होत नाही. कुठल्या संग्रहातले कुठले लेख वाचायचे आहेत ते नेमकं लिहावं.

स्वतःचा अभ्यास सुरू करायला हर्मान देसाऊने १८९२ ते १९१६ या काळात काढलेला निवडक लेखांचा संग्रह अजूनही सर्वांत चांगला. त्याच्या सूची हाच खरा अभ्यासक्रम आहे: हुद्दे, लीजन, देवता, संक्षेप सगळं लावून ठेवलेलं. रोज पाच लेख, संक्षेप सोडवून वहीत, असं सहा महिने केलं की दगड समोर आल्यावर गोंधळ होत नाही.

प्रश्न : स्पष्ट विचारतो. नोकरी मिळते का?

उत्तर : थोड्यांना मिळते. निव्वळ शिलालेखांची पदं फार कमी, मुख्यतः अकादम्यांच्या कॉर्पुस-प्रकल्पांत. बाकीचे प्राचीन इतिहास शिकवतात, संग्रहालयात असतात किंवा डिजिटल प्रकल्पांवर असतात. पीएचडीनंतरची पाच-सात वर्षं करारांवर जातात. जर्मनीत कायद्याने पीएचडीआधी सहा आणि नंतर सहा वर्षंच मुदतीच्या करारावर ठेवता येतं. बाहेरच्या प्रकल्पनिधीवरच्या नोकऱ्यांना वेगळा नियम आहे. ही बारा वर्षं डोळ्यांसमोर ठेवून बेत आखावा.

पीएचडीचा विषय निवडताना दोन गोष्टी बिघडतात. पहिली, व्याप्ती. ‘अमुक प्रांतातले सैनिकांचे लेख’ म्हणता म्हणता हजारोंचा ढीग होतो. एका नगराचे दोनशे-अडीचशे लेख, त्यांतले बरेचसे प्रत्यक्ष पाहिलेले, हे जास्त टिकाऊ काम. दुसरी, हक्क. उत्खननात निघालेला अप्रकाशित लेख प्रथम छापण्याचा हक्क बहुधा उत्खनन करणाऱ्यांचा किंवा त्यांनी नेमलेल्या माणसाचा असतो. दोन वर्षं काम करून हे कळण्यापेक्षा पहिल्याच महिन्यात संग्रहालयाला पत्र टाकावं आणि उत्तर लेखी घ्यावं.

पहिला लेख छापताना एक-दोनच नवे दगड घ्यावेत. सापडल्याची जागा, आता कुठे आहे, नोंद-क्रमांक, दगडाचा प्रकार, उंची-रुंदी-जाडी, ओळीगणिक अक्षरांची उंची, दिसतं तसं वाचन, सोडवलेला मजकूर, आधीच्यांची वेगळी वाचनं, भाषांतर, भाष्य, आणि काळ कशावरून ठरवला ते. काळाचं कारण न देणं ही परीक्षकांकडून लेख परत येण्याची नेहमीची वजह. चांगलं काम ‘लाने एपिग्राफिक’मध्ये नोंदलं जातं. हे वार्षिक रने कान्याने १८८८मध्ये सुरू केलं, आणि तिथला क्रमांक हाच पुढे त्या लेखाचा पत्ता होतो.

केंब्रिजच्या जॉयस रेनॉल्ड्स यांची वाटचाल या संदर्भात मुद्दाम पाहावी. लिबियातल्या त्रिपोलितानियाच्या रोमन लेखांचा त्यांनी जे. बी. वॉर्ड-पर्किन्स यांच्याबरोबर केलेला संग्रह १९५२चा. २००९मध्ये त्याची डिजिटल आवृत्ती निघाली. लिबियातल्याच किरेनाइका भागातल्या रोमन लेखांचा त्यांचा संग्रह २०२०मध्ये ऑनलाइन आला, तेव्हा त्यांनी शंभरी ओलांडली होती. २०२२मध्ये, वयाच्या १०३व्या वर्षी त्या गेल्या. त्यांच्या कामाचं खरं मोल आम्हाला असं वाटतं की तिथलं वाचन दुसऱ्याला तपासता येतं. काय दिसलं आणि काय भरलं हे त्यांनी कधी एकमेकांत मिसळू दिलं नाही.

प्रश्न : आता कृत्रिम बुद्धिमत्ता शिलालेख वाचते म्हणे. मग हे शिकून उपयोग काय?

उत्तर : २०२५मध्ये गूगल डीपमाइंडने विद्यापीठांतल्या अभ्यासकांबरोबर ‘एनिअस’ ही प्रणाली जाहीर केली. सुमारे पावणेदोन लाख लॅटिन लेखांवर ती शिकवलेली आहे. तुटलेल्या जागी काय असावं ते सुचवते, ६२ प्रांतांपैकी कुठला ते सुमारे ७२ टक्के वेळा बरोबर सांगते आणि काळाचा अंदाज सरासरी तेरा वर्षांच्या फरकाने देते. तिचा सगळ्यात मोठा उपयोग समांतर लेख शोधण्यात आहे. त्या कामात माणसाचे दिवस जातात.

पण तिला शिकवलेला मजकूर माणसांनी वाचून छापलेलाच आहे. छापताना कंसातली अक्षरं चुकीची भरली असतील तर ती चूकही तिच्या शिकण्यात जाते. शिवाय ती ठरीव वाक्यांत चांगली चालते. काएलिउसच्या दगडावरचं ‘केकिदित’ ती सहज भरेल. अडचण आहे ती ‘ओ’च्या आधीच्या जागेची, आणि तिथे फुटलेल्या कडेवर रेघेचा अंश उरलाय का ते दगडाशी उभं राहूनच पाहावं लागतं.

प्रश्न : लिलावात लॅटिन अक्षरांचे छोटे दगड आणि काशाचे पत्रे विकायला असतात. अभ्यासासाठी घ्यावेत का?

उत्तर : नाही. सापडलेली जागा कळली नाही तर लेखाचं निम्मं मोल गेलं, आणि बाजारातल्या बहुतेक वस्तूंची जागा मुद्दाम लपवलेली असते. पंचवीस वर्षं सेवा केलेल्या साहाय्यक सैनिकांना मिळणाऱ्या सनदांचे पत्रे तर धातुशोधक यंत्रं घेऊन उकरले जातात. इटलीत जमिनीतून निघालेली प्राचीन वस्तू सरकारची असते. शिवाय बनावटीचा धोका आहेच. सोळाव्या शतकात पिर्रो लिगोरिओने कागदावरच शेकडो लेख रचले. सीआयएलमध्ये अशा लेखांच्या क्रमांकाला तारांकन असतं. उलटंही होतं: प्रेनेस्तेची सोन्याची पिन, जिच्यावर अतिशय जुनं लॅटिन आहे, ती १८८७मध्ये पुढे आली आणि बराच काळ बनावट मानली गेली. २०११मध्ये धातूच्या तपासणीने ती अस्सल ठरली.

प्रश्न : दगडांपासून दूर राहून सराव कसा करायचा?

उत्तर : क्लाउस-स्लाबी या ऑनलाइन संग्रहात पाच लाखांहून जास्त लेख आहेत आणि बऱ्याच लेखांना फोटो जोडलेले आहेत. ब्रिटनमधल्या रोमन लेखांचा संग्रहही ऑनलाइन खुला आहे, रेखाटनांसकट. फोटो उघडा, छापील वाचन झाकून ठेवा. दिसणाऱ्या रेघा कागदावर काढा, मग अक्षरं, मग टिंबं, मग कंस. त्यानंतर वाचन उघडून पाहा. फरक पडला तर लगेच स्वतःचं पुसू नका. संग्रहातली वाचनं पुष्कळदा जुन्या पुस्तकांतून घेतलेली असतात आणि त्यांत चुका राहतात. मूळ छापील आवृत्ती काढून ताडून बघा. यात हात बसला की एपिडॉक शिकायला घ्या. त्या पद्धतीत हेच कंस संगणकाला कळतील अशा खुणांनी लिहितात, आणि आज बऱ्याच डिजिटल प्रकल्पांना नेमकी तीच माणसं हवी असतात.